गिरणीवर नाही, गिरणेवर

मराठी भाषा गौरव दिनाचं कविसंमेलन आमच्याकडे दरवर्षी ठरलेलं असतं. वाचनालयाचा वरचा हॉल, कुसुमाग्रजांच्या फोटोला झेंडूचा हार, मधूनच कोकलणारा माइक आणि पहिल्या रांगेत कविता ऐकायला नव्हे तर सत्कार करायला आलेली माणसं. यंदा सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून अशी कामं माझ्याकडे येतात. 'मॅडमना वेळ असतो' हे गावाने परस्पर ठरवून टाकलंय. चौदा कवी, प्रत्येकी एक कविता, प्रत्येकाचा दोन ओळींत परिचय. परिचय सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. प्राध्यापकांचे अर्थातच सगळ्यांत लांब, एकाने तर पीएच.डी.च्या मार्गदर्शकांचंही नाव घातलं होतं. सगळ्यांत छोटा नवव्या नंबरच्या कवीचा. वर नाव आणि खाली 'पिठाची गिरणी', पुढे चौकाचं नाव. तो परिचय नव्हताच, पत्ता होता. मला वाटलं, बिचाऱ्याला जमलं नसेल लिहायला, आपण सजवू. दुपारी चहा पिता पिता एक वाक्य सुचलं आणि मी स्वतःवरच खूश झाले. रात्री ते माइकवरून म्हटलं, चांगलं ठासून म्हटलं : दिवसभर लोकांचं दळण दळणारे हे हात रात्री शब्दांचं दळण दळतात, आणि आपल्या वाट्याला येतं ते कवितेचं गरम गरम पीठ!

टाळ्या इतक्या पडल्या की आधीच्या आठ कवींना मिळून पडल्या नसतील. तो उठून आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पाणी लावून बसवलेले केस, आणि एवढं करूनही कानाच्या पाळीमागे राहून गेलेली पिठाची बारीक रेघ. त्याने वरच्या खिशातून कागद काढला, उघडला, क्षणभर पाहिला आणि पुन्हा घडी घालून आत ठेवला. मग पँटच्या खिशातून दुसरा कागद काढला. माइक त्याच्या उंचीला जरा वर होता, तो त्याने खाली केला नाही, स्वतःच मान वर केली. "मॅडमनी सांगितलं ते बरोबर आहे," तो म्हणाला, "पण माझी कविता गिरणीवर नाही, गिरणेवर आहे. नदीवर. चालेल ना?"

हॉल हसला. मीही हसले, आणि माझा माइक सुरूच होता.

कविता बारा ओळींची होती. मे महिन्यातलं कोरडं पात्र, वाळूचे ट्रॅक्टर, त्यांच्या चाकोरीत साचलेलं वीतभर पाणी आणि त्या पाण्यात उतरलेला एक बगळा. त्याने ती दळणाचे पैसे सांगावेत तशी सरळ वाचली आणि तो जागेवर जाऊन बसला. दहाव्या नंबरला एक प्राध्यापक होते. त्यांच्या परिचयात मी त्यांचे दोन संग्रह सांगितले, पुरस्कार सांगितला. 'दिवसभर हजेरी घेणारे हे हात' असं काही मला सुचलं नाही.

त्या 'चालेल ना?'ने मला पुढच्या दोन रात्री नीट झोपू दिलं नाही. कारण हे दुखणं मला माहीत होतं. नोकरीत असताना एका संमेलनात माझा परिचय 'नोटा मोजता मोजता, घर-संसार, मुलंबाळं सांभाळून ज्या कविता करतात' असा करून दिला गेला होता, आणि मी रिक्षातून घरी येईपर्यंत धुमसत होते. माझ्या शेजारी बसलेल्या कवीलाही मुलंबाळं होती. त्याने ती सांभाळल्याचा उल्लेख कुणी केला नाही. कदाचित सांभाळलीही नसतील. नोटांचं म्हणाल तर एकतीस वर्षांत नोटांवर मी एकही ओळ लिहिली नाही. ओला स्पंज, अंगठ्याच्या कडेला बसलेला काळा थर, पावसाळ्यात कुबट वास मारणारी दहाच्या नोटांची बंडलं, सगळं बोटांना पाठ आहे. पण कवितेत आलं नाही. का नाही आलं, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाही नव्हता. तो त्या गिरणीवाल्याने विचारायला लावला.

मला आठवत राहिला तो अपडाउनचा काळ. माझी बदली मलकापूरला झाली होती आणि पाच वर्षं मी पास काढून जळगाव-मलकापूर केलं. सकाळची पॅसेंजर, बायकांचा डबा, मांडीवर मेथीच्या जुड्या. गाडी भुसावळला पोचेपर्यंत भाजी निवडून व्हायची आणि देठांचा पसारा वर्तमानपत्रात गुंडाळून खिडकीबाहेर जायचा. पहिल्याच आठवड्यात गाडी भादलीला थांबली तेव्हा समोर बसलेल्या शिक्षिका बाई हातातली काडी न थांबवता म्हणाल्या, "इथंच." मी विचारलं, काय इथंच? "बालकवी." एवढंच. भादलीला गाडी मिनिटभर उभी असते. त्या मिनिटात एक कवी, ५ मे १९१८ ही तारीख, मालगाडी, २७ वर्षांचं वय, हे सगळं त्या एका शब्दात बसलं आणि गाडी हलली. मग वाघूरचा पूल आला आणि विषय भुसावळच्या बटाटेवड्याकडे गेला. पुढची पाच वर्षं रोज दोनदा त्या स्टेशनातून गेले. कधी लक्ष असायचं, बहुतेकदा नसायचं. पण मे महिन्यात, रुळांवर हवा पातळ होऊन थरथरायला लागली की मेथीवरून नजर आपोआप बाहेर जायची. आठ ओळींत औदुंबर पाण्यात पाय सोडून बसवणारा माणूस आमच्या ह्या रखरखीत फाट्यावर कसा गेला, हे त्या उन्हाकडे पाहून जास्तच अनाकलनीय वाटायचं.

त्र्यंबक बापूजी ठोमरे धरणगावचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. पोटासाठी शाळामास्तर. 'बालकवी' हे नाव त्यांना मिळालं तेही जळगावातच, १९०७ च्या कविसंमेलनात, वय सोळा-सतरा. त्या संमेलनाविषयी मी जेव्हा जेव्हा विचार करते तेव्हा माझ्या मनात एक भलतंच दृश्य येतं. कारण त्या वर्षी जळगावातच जुन्या गावातल्या चौधरी वाड्यात सत्तावीस वर्षांची एक सून घरोट, म्हणजे जातं, ओढत होती, आणि ओढता ओढता जे म्हणत होती ते त्या संमेलनातल्या बऱ्याच कवितांपेक्षा जास्त टिकलं. बहिणाबाई. जन्म आसोद्याचा, १८८० चा. आसोदं आणि भादली ही तर एकमेकांच्या शेजारची गावं. बालकवी गेले त्या वर्षी ती अडतीस वर्षांची, विधवा, शेतात राबणारी, तीन लेकरांची आई. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. तिला अक्षरओळख नव्हती. तिची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने ऐकून कागदावर उतरवली. ती १९५१ च्या डिसेंबरमध्ये गेली. सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. जळगावात छापखाना आला तेव्हा तिने त्याच्यावरही गाणं केलं होतं, कोरा कागद छापून शहाणा होतो आणि माणूस मात्र येडाच राहतो असं. स्वतःचं छापलेलं पान तिने पाहिलं नाही. आता विद्यापीठाला तिचं नाव आहे.

मला प्रश्न पडतो तो असा : १९०७ च्या त्या संमेलनाला कुणी तिला बोलावलं असतं, तर सूत्रसंचालकाने परिचय काय करून दिला असता?

माझ्यासारखंच काहीतरी केलं असतं. घरोट आणि शब्द, दळण आणि काव्य. आज आपणही तिच्याबद्दल बोलताना 'निरक्षर असूनही' हे दोन शब्द लावल्याशिवाय पुढे जात नाही. तिच्या उपमा इतक्या नेमक्या का आहेत, तर ती ज्या वस्तूची उपमा द्यायची ती वस्तू तिच्या हातातूनच गेलेली असायची. भाकरीआधी तव्याचे चटके बसतात हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. पण म्हणजे तव्याने कविता दिली असं म्हणावं, तर मग तवा आमच्या सगळ्यांच्याच घरी होता.

माझी आजी जात्यावर म्हणायची. तिच्या ओव्या मला दीड-दोनच आठवतात, तेही शब्द कमी आणि खुंटा ओढतानाचा तो मध्येच तुटणारा श्वास जास्त. मग आमच्या खेड्यात इंजिनाची गिरणी आली. धुराच्या नळकांड्यावर उपडं मडकं ठेवलेलं असायचं, पुक-पुक-पुक असा आवाज शिवारभर जायचा आणि बायका त्या आवाजावरून ओळखायच्या की आज गिरणी चालू आहे. आजी सुरुवातीला म्हणायची की गिरणीचं पीठ जळकं लागतं. दोन वर्षांनी जातं ओसरीतून परसात गेलं, मग त्याच्यावर तुळशीची कुंडी आली. ओव्या कुठे गेल्या हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. खांदे दुखायचे थांबले होते आणि ते जास्त मोलाचं होतं. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर ह्या दोघांनी पुढे गावोगाव फिरून, बायांना बोलतं करून, एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि ओवी म्हणणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. नाव आणि गाव. परिचय म्हणून तेवढंच. माझ्या आजीचं नाव त्यात नाही. आणि आता तसल्याच एका गिरणीचा मालक कविता करतो, म्हणजे यंत्राने जे घेतलं ते यंत्रावाल्याच्या हातून थोडंसं परत आलं, असं मला दुसऱ्या रात्री वाटून गेलं. पण हेही मी सजवतेच आहे. त्याने नदीवर लिहिलं होतं.

संतांच्या काळी हा प्रश्नच नव्हता, धंदा नावातच यायचा. सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी, नरहरी सोनार. सावतोबांना कांदा-मुळ्यात विठाई दिसली आणि सेना न्हाव्यांनी हजामतीचाच अभंग केला, हे आपण शाळेत कौतुकाने शिकतो. तेव्हा आमचे मास्तर म्हणायचे, बघा, श्रमाची प्रतिष्ठा! पण माळी, कुंभार, न्हावी हा काही त्यांनी निवडलेला पेशा नव्हता, जात होती, आणि चोखोबांच्या बाबतीत ती देवळाच्या पायरीपाशी येऊन थांबवत होती. नावापुढे लागलेला धंदा तिथे दागिना नव्हता. त्यांनी तो अभंगात घेतला तो स्वतःच्या हाताने घेतला, एवढाच मला फरक दिसतो. दुसऱ्याने माइकवरून लावलेला आणि आपण घेतलेला.

मलकापूरचंच सांगते. तिथे पाच वर्षं काम करून मला हे माहीत नव्हतं की 'चाफा' लिहिणारे कवी 'बी' ह्याच गावी जन्मले. नारायण मुरलीधर गुप्ते, जन्म १८७२. आयुष्य वऱ्हाडात सरकारी कारकुनी करण्यात गेलं. कविता एका अक्षराच्या आडून छापायचे, आणि बी म्हणजे नक्की कोण हे वाचकांना कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. 'फुलांची ओंजळ' आलं ते १९३४ साली, वयाच्या साठीनंतर. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. माझ्यापुढे उभ्या राहणाऱ्या खातेदारांपैकी कुणालाही मी कविता करते हे कळू नये म्हणून मी किती धडपडले आहे! शाखेत दिवाळी अंक आला की मी तो ड्रॉवरमध्ये टाकायचे. एकदा शिपायाने तो काढून सगळ्यांना माझं पान दाखवलं, आणि त्या दिवशी माझी कॅश तीनशे रुपयांनी कमी भरली. खिशातून भरले. मॅनेजर म्हणाले, "कविता महाग पडली." तेव्हापासून मी टोपणनाव घ्यायचं ठरवत होते, पण 'बी' घेतलेलं होतं.

त्याच रुळांवरून पुढे गेलात की मूर्तिजापूर लागतं, कवी अनिलांचं. आत्माराम रावजी देशपांडे, वकील, मग न्यायाधीश. मुक्तछंद त्यांनी रुजवला आणि म्हातारपणी दहाच ओळींत बसायचं ठरवून दशपदी लिहिली. दिवसभर पक्षकारांचं लांबण ऐकणाऱ्या माणसाला दहा ओळींचा मोह पडावा हे मला समजू शकतं. पण हा माझा अंदाज, त्यांना विचारायला कुणी गेलेलं नाही. पुढे बडनेरा, तिथे उतरलं की अमरावती, सुरेश भट. एकाच लोहमार्गाच्या कडेने मास्तर, शेतकरीण, कारकून, न्यायाधीश आणि एक कुठल्याच नोकरीत न मावणारा गझलकार. 'न्यायदानाचं काम सांभाळून कविता करणारे' असा अनिलांचा परिचय कुणी करून दिल्याचं मी तरी ऐकलं नाही. न्यायाधीशाने कविता केली तर ते त्याचं रसिकत्व असतं आणि गिरणीवाल्याने केली की नवल.

तापीच्या पलीकडे फैजपूर. शाळेच्या पुस्तकात ते १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे येतं, मला ते दोन मास्तरांमुळे आठवतं, म्हणजे एक मास्तर आणि एक साहेब. केशवसुत तिथल्या शाळेत होते. कोकणातल्या मालगुंडचा माणूस, नोकरीपायी भडगाव, फैजपूर, शेवटी धारवाड. तुटपुंजा पगार, बदल्या, आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने मृत्यू. पाठोपाठ त्यांची पत्नीही गेली. वय चाळीसही नव्हतं. कवितांचं पुस्तक हरिभाऊ आपट्यांनी काढलं, तेही ते गेल्यावर. आपण 'तुतारी' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे कुणीतरी छाती काढून उभा राहिलेला तगडा पुरुष येतो. प्रत्यक्षात तो बदलीच्या हुकुमाची वाट बघणारा शाळामास्तर होता. आणि मर्ढेकर फैजपूरला जन्मले, १९०९ साली. ते आकाशवाणीत अधिकारी झाले. त्यांच्याच कवितांवर सरकारने अश्लीलतेचा खटला भरला आणि ते निर्दोष सुटले. ज्या सरकारची नोकरी करायची त्याच सरकारच्या कोर्टात आपल्या ओळी उलगडून सांगायच्या! त्यांच्या कवितेतली ती तुटक, गचके खात जाणारी ओळ ऑफिसातून आली की लोकलमधून की पिंपातल्या उंदरांकडे बघून, कोण सांगणार.

नारायण सुर्व्यांचं उलट. त्यांची कविता कामगारवस्तीतूनच आली आणि त्यांनी ती तशी आलीय हे कधी लपवलं नाही. गिरणीतलं काम, मग महापालिकेच्या शाळेत शिपाई, आणि पुढे तिथेच शिक्षक. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पण तिथेही 'कामगार कवी' हे लेबल इतकं घट्ट बसलं की त्यांची प्रेमाची, घरातली, पोरांबरोबरची कविता लोकांना शोधावी लागते. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली. 'गोलपिठा' वाचताना टॅक्सी आठवायला सवड मिळत नाही इतकं ते पुस्तक अंगावर येतं. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळला खानावळ चालवत होते आणि आरती प्रभू ह्या नावाने कविता पाठवत होते. त्या खानावळीत जेवून गेलेल्यांपैकी कुणाला तरी कळलं असेल का, की आत्ता ज्याने आमटी वाढली तो रात्री काय लिहितो? आणि अरुण कोलटकर जाहिरातीत नाणावलेले, बक्षिसं मिळवणारे. पण दिवसाच्या कामाचा एक शब्दही कवितेच्या अंगाला लागू दिला नाही असं वाटतं. मराठीतला पहिला संग्रह १९७७ चा आणि पुढचे थेट २००३ च्या आसपास. मधली पंचवीस वर्षं लिहीत होते, फक्त दाखवत नव्हते. एवढा धीर मला कधी जमला नाही. दर दिवाळीला माझं पाकीट तयार.

आणि महानोर. ते आमच्यासाठी 'दादा'. पळासखेडं जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, सोयगाव तालुक्यात, पण बाजार आणि ऊठबस जळगावची. कॉलेज अर्धवट सोडून शेतीत उतरले, १९६७ ला 'रानातल्या कविता' आल्या, मग विधान परिषद, चित्रपटांची गाणी, पण सभागृहात बोलले ते पाण्यावर आणि शेतीवर. त्यांच्या बागेतल्या सीताफळाला त्यांनी लताबाईंच्या नावावरून 'लताफळ' म्हटलं होतं. मी त्यांना एकदाच जवळून पाहिलं, एका लग्नात. मी भीतभीत कवितेचं काहीतरी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्याकडे पाऊस कसा आहे? मी जळगावात तिसऱ्या मजल्यावर राहत होते. पाऊस कसा आहे हे मला बाल्कनीतल्या दोरीवरचे कपडे सांगायचे तेवढंच. मला त्या प्रश्नाची फार लाज वाटली होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले तेव्हा आमच्याकडे पावसाने ओढ दिली होती, आणि मी पहिल्यांदा कुणी न विचारता आभाळाकडे बघितलं.

तर, असं सगळं डोक्यात घेऊन मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात गिरणीवर गेले. माझ्याकडे घरघंटी आहे, आठ वर्षं झाली. गिरणीची पायरी चढलेच नव्हते. निमित्त म्हणून कळणा घेतला, ज्वारी आणि अख्खे उडीद, पाच किलोचा डबा. घरघंटीत कळणा नीट होत नाही असं कारण मी मनात तयार ठेवलं होतं, आणि ते अगदीच खोटं नाही. माफी मागायची, असं ठरवून गेले होते. शब्दही जुळवले होते, सवयच ती.

गिरणी बंद होती, म्हणजे उघडी होती पण पट्टा उतरवलेला. भिंतीला लागून डब्यांची रांग, प्रत्येकावर पिठाळ चिठ्ठी : गहू जाड, बाजरी, डाळ, पुन्हा गहू. फळ्यावर खडूने 'एकादशीला उपवासाचं दळण सकाळी ८ ते १०'. कोळ्याच्या जाळ्यांवरही पीठ बसलेलं, त्यामुळे ती लोकरीची विणलेली वाटत होती. तो खाली उकिडवा बसला होता, तोंडाला रुमाल, पुढ्यात उलटी केलेली दगडाची पाळी, आणि हातात टाकी. एका लयीत ठोके पडत होते, टक, टक, टक, टक, आणि मग फुंकर. दगडावरच्या झिजलेल्या रेघा तो पुन्हा खोल करत होता, मधल्या भोकाकडून कडेकडे, प्रत्येक रेघ किंचित तिरकी. दोन रेघांच्या मधली जागा तो अंगठ्याने चाचपत होता, डोळ्याने नाही. मी दाराशी किती वेळ उभी होते कोण जाणे. त्याने वर पाहिलं.

"मॅडम? या ना. घरची चक्की बिघडली का?"

"नाही... हो. म्हणजे, कळणा आणलाय."

"अर्धा तास लागेल. टाकी लावून राहिलो. आणि पहिलं दळण तुमचं नाही टाकणार, कच लागते त्याला. आधी कण्या टाकतो गुरांसाठी, मग तुमचं." त्याने पायानेच एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. त्याच्यावर बसायच्या आधी मी पदराने पुसलं आणि मग पुसल्याची मला लाज वाटली.

मी म्हटलं, "त्या दिवशी माझं जरा चुकलं."

टक, टक, टक. फुंकर.

"म्हणजे मी तुमचा परिचय करून देताना गिरणीचं उगाच... तुम्हाला वाईट वाटलं असेल."

त्याने रुमाल खाली ओढला. ओठांभोवतीचा भाग तेवढा मूळ रंगाचा, बाकी सगळा चेहरा राखाडी. "गिरणीचं कशाला वाईट वाटेल? मीच तं लिहून पाठवलं होतं तुम्हाला." मग जरा थांबून म्हणाला, "दोन कागद होते खिशात. गिरणीवरचीच वाचणार होतो. तुम्ही आधीच सांगून दिली."

"मी कुठे सांगितली?"

"हात, दळण, शब्द, पीठ." त्याने टाकीनेच हवेत चार ठोके दिले. "माझ्या कवितेतही हात होते. ती वाचली असती तं लोक म्हणाले असते, मॅडमचंच पुन्हा सांगू राहिला."

मला काही बोलता येईना. दोन रात्री मी समजत होते की मी त्याचा अपमान केला; मी तर त्याची कविता खर्चून टाकली होती, आणि तीही स्वस्तात. बाहेर एक पोरगा डबा ठेवून 'काका, बाजरी' म्हणून पळाला. गिरणीवाल्याने चिठ्ठी लिहिली, डब्यावर ठेवली, वर एक दगडाची कपची ठेवली.

"मग आता वाचून दाखवा ना," मी म्हटलं. "किंवा म्हणून. पाठ असेल की."

"पाठ आहे. पण त्याच्यातले हात काढू राहिलो आता. काढले की मधी भोक पडतं. त्याचं काय करावं ते पाहतो." तो पुन्हा दगडाकडे वळला होता. "झाली की सांगेन तुम्हाला. पुढच्या वर्षीबी तुम्हीच आहे का माइकवर?"

मी म्हटलं, माहीत नाही.

पाळी उलटवायला त्याने शेजारच्या रसवंतीवाल्याला हाक मारली. दोघांनी मिळून ती बसवली, पट्टा चढवला, बटण दाबलं, आणि त्या आवाजात पुढे काही बोलायची सोयच उरली नाही. आधी गुरांच्या कण्या गेल्या. खाली आलेलं भरड त्याने चिमटीत घेऊन चोळलं, जिभेला लावून थुंकलं, पुन्हा थोडं टाकलं, पुन्हा चोळलं. मग माझा डबा वर ओतला. जाड की बारीक, ते त्याने खुणेनेच विचारलं, आणि मी खुणेनेच मधलं सांगितलं. कापडी नळीतून पीठ येताना तो तळहात खाली धरून उभा होता, किती गरम येतंय ते बघत, अधूनमधून वरची कळ अर्धा आटा फिरवत.

पैसे सुटे नव्हते. आयुष्यभर लोकांना सुटे दिले आणि माझ्याकडे पाचशेची नोट. "राहू द्या, येता-जाता द्या," तो म्हणाला, आणि पुढच्या डब्याची चिठ्ठी वाचायला लागला. मी डबा स्कूटरच्या पायापाशी ठेवला. घरी पोचेपर्यंत पत्र्यातून पिठाची ऊब घोट्याला लागत होती.